स्फोटक ताकद

कमीत कमी वेळात जास्तीत जास्त जोर लावण्याची स्नायूंची क्षमता. बोलीत बळ, ताकद, शक्ती हे शब्द एकाच अर्थाने चालतात. क्रीडाशास्त्रात जोर व वेग यांचा गुणाकार म्हणजे पॉवर, आणि या नोंदीत तोच अर्थ घेतला आहे.

ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ मध्ये बेडकाच्या स्नायूंवर प्रयोग करून दाखवले की, ओझे वाढेल तसा आकुंचनाचा वेग घटतो. पॉवरचा कळस कमाल वेगाच्या सुमारे एक-तृतीयांशावर येतो. मात्र सुट्या स्नायूचा हा आकडा अख्ख्या शरीराला जसाच्या तसा लावू नये. बैठकेतून उडी घेताना कळस अगदी हलक्या वजनावर आढळतो. भारोत्तोलनातील स्नॅच (बार थेट डोक्यावर उचलणे) व क्लीन (बार खांद्यांपर्यंत उचलणे) यांत मात्र कमाल वजनाच्या साधारण ७० ते ८० टक्क्यांवर.

ही ताकद वाढवण्याच्या सरावात खरा वाद वेगाचा आहे. वजन प्रत्यक्ष वेगाने हलले पाहिजे, की वेगाने हलवण्याचा प्रयत्न पुरेसा? बेम व सेल या संशोधकांनी १९९३ मध्ये एका पायाच्या घोट्याला न हलणाऱ्या अडथळ्याविरुद्ध झटक्याने जोर लावायला दिला, दुसऱ्याला प्रत्यक्ष वेगवान हालचाल. दोन्हींत वेगवान हालचालीची ताकद सारखीच वाढली. त्यावरून इराद्याला महत्त्व आले. प्रयोग एकाच सांध्याचा असल्याने तो निर्णायक मानणे घाईचे ठरेल. जड व हलकी अशी दोन्ही वजने, दोन्ही पूर्ण झटक्याने, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

हलक्या वजनाच्या बेंच प्रेसमध्ये (बाकावर उताणे पडून छातीवरून बार वर ढकलणे) एक अडचण असते. बार हातातच राहायचा असल्याने हालचालीच्या उत्तरार्धात शरीर स्वतःच ब्रेक लावते. फेकीत तसे होत नाही. आटपाडी तालुक्यातील करगणीचे सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले. गोळा हातातून सुटेपर्यंत त्याचा वेग वाढवत न्यावा लागतो. स्नॅचमध्येही बार जमिनीवरून थेट डोक्यावर जातो. गुडघ्यांच्या वर त्याला वेग मिळाला नाही, तर बारखाली शिरायला वेळच उरत नाही. सांगलीचे संकेत सरगर यांनी २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ किलोचा स्नॅच केला व एकूण २४८ किलोंवर रौप्यपदक जिंकले.

तालमीतल्या शेकडो जोर-बैठकांनी दमसास कमावला जातो, आणि कुस्तीला तो हवाच. झटका वाढवायचा असेल तर आवर्तने थोडी, मधली विश्रांती भरपूर, आणि बारचा वेग पडू लागताच सेट थांबवावा.