कोरडेपणा आणि कोमटपणा : श्रद्धेच्या दोन अवस्था

मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या ख्रिस्ती माणसाच्या श्रद्धेला बहुतेकदा कोणी विरोध करत नाही; तिच्याविषयी कोणी काही विचारतच नाही. सोमवारी कार्यालयात घराच्या हप्त्यांच्या, मुलांच्या प्रवेशाच्या, बढतीच्या गोष्टी निघतात आणि आदल्या दिवशी मिस्सेत किंवा उपासनेत ऐकलेल्या देववचनाला त्या बोलण्यात कुठेच जागा नसते. अशी काही वर्षे गेली की प्रार्थनेत मन लागेनासे होते, देव ऐकतो आहे असे वाटेनासे होते आणि माणूस घाईने ठरवून टाकतो की आपली श्रद्धा संपली. वास्तविक या एकाच लक्षणामागे दोन अगदी निराळ्या अवस्था असू शकतात : आध्यात्मिक कोरडेपणा आणि कोमटपणा. वरवर पाहता त्या सारख्या दिसतात, पण त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. म्हणूनच त्यांची गल्लत महागात पडते.

कोमटपणाचे चित्र बायबलमधील प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या 3ऱ्या अध्यायात, लावदिकीया येथील मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्रात सापडते. आजच्या तुर्कस्तानातले हे शहर सधन होते, इ.स. 60 च्या सुमारास भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले, तेव्हा रोमच्या मदतीवाचून ते पुन्हा उभे राहिले, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसने केली आहे. तिथल्या मंडळीवर नास्तिकतेचा आरोप नाही. आपण धनवान आहोत, आपल्याला कशाची उणीव नाही, असे ती समजते, हाच तिचा दोष. कोमट माणसाला देवाचे नसणे खुपत नाही. प्रार्थना राहून गेली तर हुरहूर वाटत नाही. बाकीच्या गोष्टींतला रस मात्र शाबूत असतो. जगाची उदासीनता त्याला बाहेरून सोसावी लागत नाही, कारण ती त्याच्या आत केव्हाच मुरलेली असते.

कोरडेपणाचे सर्वांत नेमके निदान 16 व्या शतकातील कार्मेल या संन्यासी संघाचे स्पॅनिश संन्यासी, क्रूसाचे संत योहान यांनी केले आहे. संघातील सुधारणेच्या वादातून त्यांच्याच संघबंधूंनी डिसेंबर 1577 मध्ये त्यांना टोलेडो येथे कोंडले. कोठडी इतकी अंधारी होती की प्रार्थनाग्रंथ वाचण्यासाठी त्यांना बाकावर चढून उंचावरच्या फटीतून येणारा उजेड गाठावा लागे. ऑगस्ट 1578 मध्ये ते तिथून निसटले. पुढे त्यांनी कोरडेपणा ओळखण्याच्या तीन खुणा लिहून ठेवल्या. एक, देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, पण जगातल्या इतर कशातही वाटत नाही. दोन, आपण देवाची सेवा करत नाही, मागे पडतो आहोत, ही चिंता मनाला सतत जाळत राहते. तीन, पूर्वीसारखे मनन प्रयत्न करूनही जमत नाही. या तिन्हींत दुसरी खूण मला निर्णायक वाटते. ज्याला देव हरवल्याचे दुःख आहे, तो कोमट नाही. बायबलच्या स्तोत्र 22 मधील ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा आक्रोश देवाकडे पाठ फिरवलेल्या माणसाचा नव्हे. क्रूसावर येशूने तोच उच्चारला.

कोमटपणावर पश्चात्ताप हाच उपाय आहे, आणि लावदिकीयाचे पत्र तो स्पष्ट सांगते. ‘पाहा, मी दाराशी उभा आहे’ हे वचन आपण बाहेरच्यांना सुवार्ता सांगताना वापरतो, पण ते याच पत्रात, आधीच ख्रिस्ती असलेल्यांना उद्देशून आले आहे. कोरड्या मनाला मात्र दटावणे घातक ठरते आणि आपल्या प्रवचनांत दटावणेच अधिक असते, याचे मला वाईट वाटते. येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम अधिक शहाणपणाचा आहे : खिन्नतेच्या काळात आधी केलेला निश्चय बदलू नये, आणि तासभर प्रार्थनेचे ठरवले असेल तर तासाहून थोडे अधिक बसावे. स्वतःची हयगय हेही कोरडेपणाचे एक कारण असू शकते, हे ते लपवत नाहीत. म्हणजे दोन्ही अवस्था एकाच माणसात मिसळू शकतात. झोप आणि भूकही गेली असेल, तर डॉक्टरकडे जाण्यात श्रद्धेला कमीपणा नाही.

हे निदान एकट्याने करणे अवघड असते. मदर तेरेसांनाही ते जमले नव्हते. कलकत्त्यात काम सुरू झाल्यापासून देव आपल्याला नकोसा मानतो आहे, या जाणिवेने त्या पोळत होत्या आणि दोष आपलाच असावा, अशी त्यांना शंका होती. 1961 च्या सुमारास त्यांनी हे फादर योसेफ नॉयनर या येशूसंघीय धर्मगुरूंपुढे मांडले. हे ऑस्ट्रियन धर्मगुरू पुण्यात ईशज्ञान, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र, शिकवत असत. या काळोखावर मानवी उपाय नाही, त्यात तुमचा अपराध नाही, आणि देवाची ही तळमळ हीच तो दडून जवळ असल्याची खूण आहे, असे त्यांनी सांगितले. काळोख त्यानंतरही राहिला, पण तो आपल्या कामाचाच भाग आहे असे मानून मदर तेरेसांनी तो स्वीकारला.