केअर यादी कुठून आली, का गेली: शोधनिबंधांच्या मोजदादीची पार्श्वभूमी

विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर सूचना काढून 'यूजीसी-केअर' ही संशोधन नियतकालिकांची यादी बंद केली. निर्णय आधीच, ३ ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीत झाला होता. यादीचे आयुष्य सहा वर्षांचेही नाही. पण तेवढ्या काळात ती प्राध्यापकांच्या आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी इतकी बसली की 'पेपर कशावर आहे?' याच्या आधी 'पेपर केअरमध्ये आहे ना?' असे विचारले जाऊ लागले. यादीचा कारभार चाले पुण्यातून, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या एका कक्षातून. ती यादी का करावी लागली, हा प्रश्न मात्र पुण्याचा नाही, दिल्लीचा आहे, आणि तो २०१० च्या आसपास सुरू होतो.

त्याआधी महाविद्यालयीन शिक्षकाची पदोन्नती मुख्यतः सेवाज्येष्ठता आणि मुलाखत यांवर होत असे. मुलाखतीत काय चालते, हे कुणाला वेगळे सांगायला नको. सहाव्या वेतन आयोगाच्या वेतनश्रेणीसोबत २०१० चे नियम आले, तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात. या नियमांनी 'एपीआय' नावाची गुणपद्धती आणली. शिकवण्याला गुण, संस्थेच्या कामाला गुण, संशोधनाला गुण. तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणाऱ्या नियतकालिकात निबंध आला तर १५ गुण, तशी तपासणी नसलेल्या पण आयएसएसएन हा नियतकालिकांचा नोंदणी क्रमांक असलेल्या नियतकालिकात आला तर १०, परिषदेच्या कार्यवृत्तात पूर्ण निबंध छापला गेला तरी १०. हेतू वाईट नव्हता. निवड समितीच्या मर्जीऐवजी कागदावर दिसणारा आकडा असेल, तर वशिला नसलेल्या माणसालाही बोट ठेवून 'हे माझे गुण' म्हणता येईल, असा त्यामागचा विचार होता. एपीआयला नावे ठेवताना ही बाजू सहसा विसरली जाते.

गडबड झाली ती दहा गुणांच्या त्या ओळीत. आयएसएसएन हा गाडीच्या नंबरप्लेटसारखा असतो, त्यावरून गाडी कुणाची ते कळते, ब्रेक लागतात की नाही ते कळत नाही. अर्ज केला की क्रमांक मिळतो. पण नियमात त्याचा उल्लेख आल्याबरोबर क्रमांक हीच गुणवत्तेची खूण ठरली. त्याच सुमारास, २००९ च्या पीएचडी नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी एक निबंध प्रसिद्ध झालेला असणे बंधनकारक केले. २०१६ मध्ये त्यात परिषदांतल्या दोन सादरीकरणांची भर पडली. म्हणजे नोकरीत शिरणाऱ्यालाही निबंध हवा आणि वर चढणाऱ्यालाही.

हे निबंध लिहिणार कोण आणि कुठे? सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे. तालुक्याच्या गावातल्या कला-वाणिज्य महाविद्यालयात संशोधनासाठी ना प्रयोगशाळा, ना पुरेसे ग्रंथालय, ना रजा. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर पुढच्या वर्षी आपण तिथे असू की नाही हेच माहीत नसते. अशा शिक्षकाकडे संशोधनाची मागणी केली गेली, साधने दिली गेली नाहीत. मागणी तयार झाली की दुकान उघडतेच. 'आंतरराष्ट्रीय' आणि 'बहुविद्याशाखीय' हे दोन शब्द नावात असलेली नियतकालिके भराभर निघाली. हजार-दोन हजार रुपये भरा, चार दिवसांत 'स्वीकृती पत्र' घ्या. इतिहासाचा निबंध आणि पॉलिमरचा निबंध एकाच अंकात, पाठोपाठ. महाविद्यालयांनीही राष्ट्रीय चर्चासत्रे भरवून जाडजूड कार्यवृत्ते छापली, कारण महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फाइलीत तीही लागत.

अशा छापखान्यांना 'प्रिडेटरी', म्हणजे भक्षक, हे नाव दिले अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या डेन्व्हर शाखेतले ग्रंथपाल जेफ्री बील यांनी. २०१३ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकाचे जॉन बोहॅनन यांनी जाणूनबुजून चुका पेरलेला एक खोटा निबंध शेकडो मुक्त-प्रवेश, म्हणजे वाचकांना फुकट खुल्या असलेल्या, नियतकालिकांना पाठवला. १५७ जणांनी तो स्वीकारला. त्यांत भारतातली ६४ होती, आणि नाकारणारी भारतीय नियतकालिके अवघी १५. दोन वर्षांनी शेन आणि ब्यर्क या संशोधकांचा अभ्यास आला. २०१४ या एका वर्षात अशा नियतकालिकांत सुमारे ४ लाख २० हजार लेख छापले गेले, आणि त्यांच्या नमुन्यातले साधारण ३५ टक्के लेखक भारतातले होते, असा त्यांचा अंदाज होता. त्यामुळे भारतीय शिक्षक केवळ फसवला गेला, असे म्हणणे मला पटत नाही. फसवला जाणारा होता, तसा डोळे उघडे ठेवून पैसे मोजणाराही होता. भक्षक म्हणायचे तर भक्ष्याने स्वतः चालत यायला नको.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण या सगळ्या गदारोळात 'मुक्त प्रवेश' हा शब्दच बदनाम झाला. वाचकाला निबंध फुकट मिळावा ही कल्पना भारतात पैसे उकळण्यासाठी आलेली नाही. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९३४ मध्ये बंगळुरूत स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने आपली नियतकालिके इंटरनेटवर खुली ठेवली. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयातून १९५५ पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' तर लेखकाकडूनही पैसे न घेता वाचकांना खुले झाले. त्याच्याशी संबंधित बालरोगतज्ज्ञ डी. के. साहू यांनी मुंबईत 'मेडनो' ही प्रकाशन संस्था उभी केली आणि वैद्यकीय संघटनांची अनेक नियतकालिके त्याच वाटेने नेली. २०११ च्या अखेरीस वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने मेडनो विकत घेतली. केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये, सरकारी पैशातून झालेले संशोधन खुल्या भांडारात ठेवावे, असे धोरणही जाहीर केले. धोरण पाळले न पाळले याने कुणाच्या पदोन्नतीत एका गुणाचाही फरक पडत नव्हता. मग ते किती पाळले गेले असेल, याचा अंदाज करता येतो.

आता यादीकडे. जानेवारी २०१७ मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त नियतकालिकांची पहिली मोठी यादी प्रसिद्ध केली. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स या आंतरराष्ट्रीय सूचींतली नियतकालिके तर तिच्यात होतीच, शिवाय विद्यापीठांनी सुचवलेली नावेही घेतली गेली. चोरवाट इथेच होती. पुणे विद्यापीठातले प्राध्यापक भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी सुचवलेल्या ५,६९९ नियतकालिकांतून १,३३६ यादृच्छिक पद्धतीने निवडून तपासली. इतर सूचींत आधीच असलेली वगळल्यावर उरली १,००९. त्यांतली ८९७ निकषांवर बाद झाली. पत्ता नाही, संपादक मंडळ खोटे, शुल्काची माहिती दडवलेली, अशी कारणे. मार्च २०१८ मध्ये हा अभ्यास 'करंट सायन्स'मध्ये आला आणि २ मे रोजी आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढली. ज्यांनी ती नावे पाठवली होती त्या विद्यापीठांतल्या कुणाला त्याबद्दल जाब विचारला गेल्याचे ऐकिवात नाही.

त्याच जुलैमध्ये 'इंडियन एक्स्प्रेस'ने या धंद्यावर मालिकाच छापली. अशीच नियतकालिके काढणाऱ्या हैदराबादच्या 'ओमिक्स' समूहाविरुद्ध अमेरिकेत खटला चालूच होता. मार्च २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयाने त्याला ५ कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला.

पटवर्धन दरम्यान यूजीसीचे उपाध्यक्ष झाले होते. त्यांच्याच पुढाकाराने नोव्हेंबर २०१८ मध्ये 'केअर'ची घोषणा झाली आणि १४ जून २०१९ ला नवी यादी आली. आता नुसत्या शिफारशीवर प्रवेश नव्हता. नियतकालिकाची तपासणी होऊन मगच नाव चढे. पुढे दोन गट झाले. दुसऱ्या गटात स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधली नियतकालिके, पहिल्यात त्या सूचींबाहेरची पण तपासून घेतलेली. मराठीच्या दृष्टीने हा पहिला गट महत्त्वाचा होता. स्कोपसमध्ये मराठी नियतकालिकांना जवळजवळ जागाच नाही. संतसाहित्यावर किंवा गावगाड्याच्या अर्थव्यवस्थेवर मराठीत लिहिणाऱ्याचे काम मोजले जाण्याची वाट याच गटातून जात होती. केअरबद्दल तक्रारी करणाऱ्यांनी हे श्रेय तिला द्यायला हवे.

तक्रारी खोट्या होत्या असे नाही. यादी दर तिमाहीला बदले. निबंध पाठवताना यादीत असलेले नियतकालिक छापून येईपर्यंत बाहेर गेलेले असे, आणि मग कॅसची, म्हणजे पदोन्नतीच्या योजनेची, फाइल अडे. आणि चोर अधिक हुशार निघाले. यादीत असलेल्या जुन्या, इंटरनेटवर नीट न दिसणाऱ्या नियतकालिकाचे नाव आणि आयएसएसएन उचलायचा, हुबेहूब संकेतस्थळ करायचे आणि शुल्क गोळा करायचे. १८०४ ची परंपरा असलेल्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या नावानेही असा बनावट अवतार निघाला. केअरच्या कक्षाला अशा नकली नियतकालिकांची वेगळी यादी ठेवावी लागली. म्हणजे यादीच्या संरक्षणासाठी आणखी एक यादी. 'केअर लिस्टेड' हा शिक्का स्वतःच विक्रीची वस्तू झाला होता, एजंटांच्या व्हॉट्सअॅप संदेशांत त्याचा दर असे.

नीतीच्या बाजूचेही नियम याच काळात आले. वाङ्मयचौर्याबद्दलचे नियम ३१ जुलै २०१८ चे. प्रबंधाचे इतरांच्या मजकुराशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत दुरुस्ती करून पुन्हा सादर करायचा, ६० पर्यंत एक वर्षाची बंदी, त्यावर गेले तर नोंदणीच रद्द. २०१९ च्या अखेरीस पीएचडीसाठी संशोधन आणि प्रकाशन नीतीचा दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. साम्याचा टक्का सॉफ्टवेअर काढते, बनावट आकडे ते पकडत नाही. खोट्या विदेची, म्हणजे डेटाची, आठवण काढायची तर चंडीगढच्या पंजाब विद्यापीठातले विश्वजित गुप्ता यांचे हिमालयातल्या जीवाश्मांचे प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी १९८९ मध्ये 'नेचर'मधून ते उघडकीस आणले. जगभरच्या ठिकाणांचे नमुने हिमालयात सापडल्याचे दाखवले गेले होते. चौकशीत दोष सिद्ध होऊनही गुप्ता निवृत्तीपर्यंत विद्यापीठात राहिले. त्याच्याही आधी, १९८६ मध्ये, शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. एस. पैंतल यांनी दिल्लीत वैज्ञानिक मूल्यांसाठी एक संस्था काढली होती. अशी प्रकरणे ती हाताळे, पण तिच्याकडे अधिकार नव्हते, फक्त निष्कर्ष जाहीर करता येत.

तरुण संशोधकाच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी वेगळे दिसते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०१४ मध्ये १६ हजारांवरून २५ हजार झाली, २०१९ मध्ये ३१ हजार, २०२३ पासून ३७ हजार. त्यातल्या वाढींसाठी देशभरच्या संशोधकांना प्रयोगशाळा सोडून रस्त्यावर उतरावे लागले. महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांकडून अधिछात्रवृत्ती घेणारे विद्यार्थी नोंदणीच्या तारखेपासून पैसे मिळावेत म्हणून आंदोलने करत राहिले. डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा प्रश्न केला तेव्हा संताप उसळला. नियम मात्र पीएचडीला कधी अटळ ठरवत होते, कधी ऐच्छिक. विद्यापीठातल्या सहायक प्राध्यापकपदासाठी २०१८ च्या नियमांनी पीएचडी अनिवार्य केली, अंमलबजावणी पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२३ पासून पुन्हा नेट, सेट या पात्रता परीक्षा पुरेशा ठरल्या. मधल्या काळात नोकरीच्या आशेने पीएचडीला बसलेल्यांची चार-पाच वर्षे कुणाच्या हिशेबात धरायची?

मोजणीचा आग्रह टप्प्याटप्प्याने सैल झाला. २०१८ मध्ये मनुष्यबळ विकास मंत्री असलेले पुण्याचे प्रकाश जावडेकर यांनी महाविद्यालयीन शिक्षकांची एपीआयच्या सक्तीतून सुटका केली. नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनी पीएचडीपूर्व निबंधाची अट काढली. केंद्रीय विद्यापीठे आणि आयआयटीतल्या २,५७३ संशोधकांच्या पाहणीत सुमारे ७५ टक्क्यांचे निबंध स्कोपसमधल्या नियतकालिकांत नव्हते, असे आयोगाच्या अध्यक्षांनी त्यावेळी सांगितले होते. जगातही हेच वारे होते. सॅन फ्रान्सिस्कोत डिसेंबर २०१२ च्या बैठकीतून निघालेला 'डोरा' जाहीरनामा आणि २०१५ चा लायडन जाहीरनामा, दोघांचेही म्हणणे हेच की नियतकालिकाच्या नावावरून माणसाचे काम तोलू नका.

केअर बंद करताना आयोगाने तिच्या जागी ३६ सूचक निकष ठेवले आणि निवडीची जबाबदारी विद्यापीठे आणि महाविद्यालयांवर सोपवली. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे. पण २०१७ मध्ये ती ८९७ नियतकालिकेही विद्यापीठांच्याच समित्यांनी सुचवली होती, आणि त्या समित्यांना निबंध वाचायला वेळ किंवा विषयतज्ज्ञ देण्याची तरतूद आजही नाही. शिक्षणसंस्थांच्या एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत २०२५ पासून मागे घेतलेल्या निबंधांबद्दल गुण कापले जाऊ लागले आहेत. तो दंड बसतो संस्थेला. ज्या अंतर्गत समितीने तो निबंध पदोन्नतीसाठी ग्राह्य धरला, तिच्यासाठी कुठलाही निकष अजून लिहिला गेलेला नाही.