स्वस्त हेडफोन निवडताना कानाचे ऐकावे

हेडफोनचा डबा हातात घेतला की त्यावर तीन आकडे हमखास छापलेले दिसतात. ड्रायव्हर (आवाज काढणारा भाग) ४० मिलिमीटर, इम्पिडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) ३२ ओहम आणि वारंवारता २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ. पाचशे रुपयांच्या डब्यावर हे आकडे असतात आणि पंधरा हजारांच्या डब्यावरही साधारण हेच असतात, त्यामुळे आकडे वाचून निवड करू पाहणारा ग्राहक शेवटी किंमत आणि कंपनीचे नाव यांवरच येऊन थांबतो. रोजच्या ऐकण्यासाठी, म्हणजे गाणी, बातम्या, व्याख्याने आणि फोनवरचे बोलणे यांसाठी, बेताच्या किमतीत उत्तम हेडफोन मिळू शकतो. मात्र त्याचे चांगलेपण ज्या गोष्टींवर ठरते त्यांपैकी बहुतेक डब्यावर नसतात. त्यांतली सर्वांत महत्त्वाची, म्हणजे हेडफोन आपल्या कानाशी फट न ठेवता बसतो की नाही, ही तर छापता येण्यासारखीच नाही, कारण ती माणसागणिक बदलते.

बिघडलेला एखादा हेडफोन उघडून पाहिला तर आत फारसे काही सापडत नाही. पातळ प्लास्टिकचा अर्धपारदर्शक पडदा, त्याच्या पाठीला चिकटवलेले केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे आणि त्या वेटोळ्याला मध्ये घेणारे चुंबक, एवढाच सगळा संसार. यालाच ड्रायव्हर म्हणतात. तारेतून गाण्याचा विद्युतप्रवाह वाहू लागला की चुंबकीय क्षेत्रात तिच्यावर बल निर्माण होते, वेटोळे पुढेमागे सरकते आणि त्याबरोबर पडदा हवा ढकलतो. जर्मनीतील बायरडायनॅमिकने १९३७ मध्ये काढलेला डीटी ४८, जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेत आणलेला पहिला व्यापारी स्टिरिओ हेडफोन आणि १९७९ मध्ये सोनीच्या वॉकमनबरोबर आलेला हलका हेडफोन, हे सारे याच तत्त्वावर चालत. १९८०च्या दशकात नियोडिमियमची शक्तिशाली चुंबके आली आणि तेवढ्याच बळासाठी चुंबकाचा आकार कितीतरी लहान झाला. आज हे भाग प्रचंड संख्येने तयार होतात, त्यामुळे चांगला ड्रायव्हर बनवणे ही महागडी गोष्ट राहिलेली नाही. ड्रायव्हर ५० मिलिमीटरचा असला म्हणून तो ४० मिलिमीटरच्या ड्रायव्हरपेक्षा सरस ठरत नाही. कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनचा ड्रायव्हर जेमतेम १० मिलिमीटरचा असतो आणि तरीही तो खर्ज व्यवस्थित ऐकवू शकतो.

‘२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ’ हा आकडा तर अर्धवटच असतो. या दोन टोकांच्या मधल्या प्रत्येक वारंवारतेला आवाज किती डेसिबलने वरखाली होतो, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. ४०० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झचा आवाज ३० डेसिबलने खाली गेला असला तरी ‘२० हर्ट्झपासून’ असे छापायला कोणी अडवत नाही. शिवाय वरचे टोक बहुतेक प्रौढांच्या कानापलीकडचे असते, कारण वयाबरोबर उंच वारंवारता ऐकू येणे कमी होत जाते. खरे पाहायला हवे ते मधले आलेख-चित्र, ज्याला वारंवारता प्रतिसाद म्हणतात.

हा आलेख सपाट असावा असे कोणालाही वाटेल, पण येथे आपल्या कानाची रचना आडवी येते. कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असून तिचे एक टोक उघडे आणि दुसरे कानाच्या पडद्याने बंद असते. अशा नळीत ३ किलोहर्ट्झच्या आसपास अनुनाद होतो. समोर बसून कोणी गात असेल तेव्हा त्या पट्टीतला आवाज आपल्या पडद्यापर्यंत पोहोचेतो दहाएक डेसिबलने किंवा त्याहूनही अधिक वाढलेला असतो आणि आपला मेंदू जन्मभर त्याच आवाजाला ‘सरळ’ मानत आलेला असतो. कानात इअरफोन घातला की नळीचे उघडे टोक बंद होते, हा अनुनाद वरच्या वारंवारतेकडे सरकतो आणि गेलेली वाढ निर्मात्याला स्वतःहून परत भरून द्यावी लागते. ती भरली नाही तर गायकाचा आवाज पांघरुणाखालून आल्यासारखा लागतो. ती प्रमाणाबाहेर भरली तर ‘स’, ‘श’ कानाला बोचतात आणि सतार चिरचिरते.

ही भरपाई नेमकी किती असावी यावर ध्वनिउपकरणे बनवणाऱ्या हर्मन कंपनीतील शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात श्रोत्यांना ऐकवून पद्धतशीर प्रयोग केले आणि बहुसंख्यांना आवडणाऱ्या प्रतिसादाचा एक आलेख तयार केला. आज स्वस्त हेडफोन बनवणाऱ्या कित्येक कंपन्याही तोच आलेख समोर ठेवतात. ध्वनिसंशोधक येरून ब्रेबार्ट यांचा २०१७ मधील अभ्यास तर ग्राहकाच्या दृष्टीने फारच मोलाचा आहे. त्यांनी २८३ हेडफोनांची मोजमापे त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली, तेव्हा किंमत आणि वारंवारता प्रतिसाद यांचा संबंध आढळला नाही. जास्त पैशांत बिजागरी मजबूत मिळेल, गादी मऊ मिळेल, तार बदलता येईल. सूर अधिक खरा मिळेलच असे नाही.

दुकानात ऐकून पाहण्याची सोय असेल तर नेहमीचे, तोंडपाठ असलेले गाणे लावावे. विक्रेता स्वतःच्या फोनवरचे ढणढणाटी गाणे लावून देतो, ते नम्रपणे नाकारावे. माझ्या मते तंबोरा आणि तबला यांच्या साथीतले संथ ख्यालगायन ही उत्तम परीक्षा आहे. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर तो सुमारे १३९ हर्ट्झवर येतो आणि तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर. गंमत अशी की खर्जाचा स्वर फोनच्या टिचभर स्पीकरवरही ओळखता येतो, कारण जवारीमुळे, म्हणजे घोडी आणि तारेखालचा दोरा यांच्या जुळणीमुळे, तंबोऱ्यातून असंख्य उपस्वर निघतात आणि त्यांच्यावरून मेंदू मूळ स्वर स्वतःच रचून घेतो. घोडी आणि जवारीचा दोरा यांच्या या करामतीवर सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्येच लिहून ठेवले आहे. म्हणून तंबोऱ्यावरून उपस्वर पारखावेत, त्यांचा झंकार मोकळा आणि एकसंध येतो का ते पाहावे. खर्जासाठी मात्र डग्ग्याकडे कान द्यावा. मनगटाने दाबून काढलेली ‘घे’ची मींड सरकत खाली जाताना तिची गोलाई टिकून राहिली तर हेडफोनचा खर्ज ठीक आहे. ती मध्येच नुसती ‘टप्प’ अशी आली, तर हेडफोनला दोष देण्यापूर्वी एक प्रयोग करावा. हेडफोनची कुशने बोटांनी हलकेच दाबावीत, किंवा इअरफोन कानात थोडा आत रेटून धरावा. खर्ज एकदम भरून आला तर ड्रायव्हर निर्दोष आहे आणि कुठेतरी फट राहिली आहे, असे समजावे.

फटीने एवढा फरक का पडतो? ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ सात मीटर असते आणि कान व हेडफोन यांच्यामधली पोकळी काही सेंटिमीटरांची. इतक्या लहान जागेत लहर मावतच नाही. पडदा पुढे आला की त्या पोकळीतली सगळी हवा एकदम दाबली जाते आणि मागे गेला की एकदम विरळ होते. खर्ज ऐकू येतो तो या दाबाच्या चढउतारामुळे. सायकलच्या पंपाचा वायसर गेला की दट्ट्या कितीही मारला तरी दाब तयार होत नाही, तसेच येथे होते. मंद कंपनात हवेला फटीतून निसटायला भरपूर वेळ मिळतो, जलद कंपनात तो मिळत नाही, म्हणून फटीमुळे खर्ज जातो आणि वरचे स्वर जागच्या जागी राहतात. परिणामी हेडफोन पातळ, कर्कश वाटतो आणि ग्राहक ‘बास’ वाढवून छापलेला दुसरा हेडफोन आणतो.

या फटींची कारणे अगदी घरगुती असतात. चष्म्याच्या काड्या कुशन उचलून धरतात. झुमके, जाड वेणी, पगडीचा काठ यांनीही तेच होते. इअरफोनच्या बाबतीत बहुतेक लोक डब्यासोबत आलेल्या लहान-मध्यम-मोठ्या सिलिकॉनच्या टोपणांपैकी मधली जोडी लागलेली असते तीच कायम वापरतात. सगळ्या जोड्या लावून पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यातून होणारी सुधारणा पुष्कळदा दुप्पट किमतीच्या इअरफोनानेही होत नाही. एकाच माणसाच्या दोन कानांना दोन वेगळ्या मापांची टोपणे लागणे हेही अगदी स्वाभाविक आहे. चष्मा लावणाऱ्याला माझा सल्ला विचारलात तर कानावर चढणाऱ्या हेडफोनपेक्षा कानात बसणारा इअरफोन बरा. कानावर नुसता टेकणारा, स्पंजाच्या पातळ गादीचा उघड्या बांधणीचा हेडफोनही चालेल. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ने हा प्रकार रूढ केला. त्याचा खर्ज कमी असतो, पण आवाज मोकळा वाटतो. मात्र त्यातला आवाज शेजाऱ्याला ऐकू जातो आणि शेजाऱ्याचा आपल्याला, त्यामुळे तो घरातच बरा.

इम्पिडन्सचा आकडा संवेदनशीलतेसोबत, म्हणजे ठरावीक शक्तीला किती आवाज निघतो त्या आकड्यासोबत, वाचला तरच उपयोगी पडतो. समजा दोन हेडफोनांवर ‘१ मिलिवॉटला १०० डेसिबल’ असे लिहिले आहे, पण एक ३२ ओहमचा आहे आणि दुसरा २५० ओहमचा. फोनने दोघांना अर्धा व्होल्ट दिला तर पहिल्याला जवळजवळ ८ मिलिवॉट शक्ती मिळते, दुसऱ्याला फक्त १. आवाजात सुमारे ९ डेसिबलचा फरक पडतो, म्हणजे कानाला पहिला जवळपास दुप्पट मोठा वाटतो. फोनवर ऐकणाऱ्याने १६ ते ३२ ओहमच्या आसपास राहावे.

बिनतारी हेडफोनची सोय नाकारण्यात अर्थ नाही. तरीही दीड हजार रुपयांच्या बिनतारी इअरबड्समध्ये त्या पैशांतून दोन बॅटऱ्या, ब्लूटूथची चिप, माइक आणि चार्जिंगची डबी एवढे सगळे बसवायचे असते. तारेच्या इअरफोनात तोच पैसा ड्रायव्हर आणि बांधणीवर खर्च करता येतो. ब्लूटूथच्या प्रत्येक हेडफोनात असणारे एसबीसी हे संकोचनतंत्र (आवाजाची माहिती आटवून पाठवण्याची पद्धत) रोजच्या गाण्यांना पुरेसे आहे, त्यामुळे इतर तंत्रांच्या नावांसाठी जादा पैसे मोजण्याची घाई करू नये. खरी अडचण विलंबाची असते. आवाज कानापर्यंत पोहोचायला सेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही जास्त वेळ लागतो; व्हिडिओ पाहताना फोन ते सांभाळून घेतो, पण फोनवरच्या पेटीच्या ॲपवर बोट ठेवून सूर काढणाऱ्याला ती मागून येणारी पट्टी सहन होत नाही.

लोकलच्या डब्यात किंवा एसटीत ऐकणाऱ्यासाठी आणखी एक मुद्दा आहे, आणि तो कानाच्या प्रकृतीचा आहे. बाहेरचा गोंगाट जितका जास्त तितका आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे प्रौढांसाठी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला पाच तास आणि ९८ डेसिबलला चाळीस मिनिटांहूनही कमी. लहान मुलांसाठी सुरुवातच ७५ डेसिबलवरून करावी लागते. कानात घट्ट बसलेले टोपण बाहेरचा आवाज आधीच बराच अडवते, म्हणून गाणे कमी आवाजात पुरते. १९७८ मध्ये विमानप्रवासात अमर बोस यांना सुचलेली, गोंगाटाच्या उलट लहर सोडून तो मारण्याची युक्ती आता स्वस्त इअरबड्समध्येही आली आहे. ती इंजिनाची घरघर, पंख्याची घूं अशा संथ, एकसुरी आवाजांवर चालते; शेजारच्या बाकावरच्या गप्पा आणि फेरीवाल्याची आरोळी अडवायला टोपणाचाच आधार लागतो.

आवाज पसंत पडल्यावर उरतो तो टिकाऊपणा. तारेचा हेडफोन बहुधा ड्रायव्हरमुळे मरत नाही. जॅकजवळ, जेथे तार रोज मुडपते, तेथे आतली तांब्याची दोरी तुटते आणि एक कान मुका होतो. म्हणून जॅक काटकोनी असावा, त्याच्या मुळाशी रबराची लवचीक बाही असावी आणि जमल्यास तार हेडफोनपासून सुटी होणारी असावी. कोकण-मुंबईच्या दमट हवेत कुशनवरचे कृत्रिम चामडे घाम आणि ओलाव्याने दोन-तीन पावसाळ्यांत सोलू लागते, त्याचे काळे पापुद्रे कानाला चिकटतात आणि पुन्हा तीच फट पडते. घेण्यापूर्वी त्या हेडफोनची सुटी कुशने बाजारात मिळतात का, हे विचारून घ्यावे. कापडी आवरणाची मिळत असतील तर आपल्या हवेत ती जास्त दिवस चालतात, फक्त त्यांच्यातून थोडा खर्ज गळतो.