तीन कैद्यांची सुटका आणि गव्हर्नर आल्टगेल्ड

१ मे हा दिवस आपण महाराष्ट्र दिन म्हणून पाळतो, तसाच कामगार दिन म्हणूनही. या कामगार दिनाचे मूळ १८८६ मध्ये शिकागोत आठ तासांच्या कामासाठी झालेल्या आंदोलनात आहे, हे अनेकांना ठाऊक असते. त्या आंदोलनापायी फासावर गेलेल्यांचे स्मरणही होते. परंतु त्याच खटल्यातील उरलेल्या तीन कैद्यांना सोडून देणारे इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉन पीटर आल्टगेल्ड आपल्याकडे जवळजवळ अपरिचित राहिले आहेत.

आल्टगेल्ड यांचा जन्म ३० डिसेंबर १८४७ रोजी जर्मनीतील नासाऊ संस्थानात झाला. ते तान्हे असतानाच आईवडील अमेरिकेत आले आणि ओहायो राज्यात स्थायिक झाले. घरची गरिबी होती, शिक्षण तुटपुंजे झाले. सोळाव्या वर्षी ते यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात दाखल झाले आणि तिथे जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची खालावली. पुढे रेल्वेमार्गावर मजुरी, शाळामास्तरकी असे करत त्यांनी कायद्याचा अभ्यास केला, मिझुरीत सरकारी वकिली केली आणि १८७५ मध्ये शिकागो गाठले. तिथे जमीन आणि इमारतींच्या व्यवहारात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली. मात्र १८८४ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाचा विषय होता तुरुंगव्यवस्था आणि तिच्यात भरडली जाणारी माणसे. गुन्हेगार म्हणून पकडले जाणारे बहुसंख्य लोक गरिबीतून आलेले असतात आणि तुरुंग त्यांना सुधारण्याऐवजी आणखी खाली ढकलतो, हे त्यांचे म्हणणे पुढच्या निर्णयाकडे पाहताना लक्षात ठेवायला हवे.

४ मे १८८६ च्या रात्री शिकागोच्या हेमार्केट चौकातील कामगारांची सभा संपत आली असताना पोलीस तिथे पोहोचले आणि त्यांच्यावर बॉम्ब पडला. सात पोलीस आणि काही नागरिक मृत्युमुखी पडले. बॉम्ब कोणी टाकला हे कधीच सिद्ध झाले नाही, तरी कामगार चळवळीतील आठ जणांना दोषी ठरवून सात जणांना फाशीची आणि ऑस्कर नीबी यांना पंधरा वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी चौघांना फाशी देण्यात आली. लुई लिंग यांनी आदल्या दिवशी कोठडीत जीव दिला होता. सॅम्युएल फील्डन आणि मायकेल श्वाब यांची शिक्षा तत्कालीन गव्हर्नरांनी जन्मठेपेवर आणली.

मधल्या काळात कुक परगण्यात न्यायाधीश राहिलेले आल्टगेल्ड १८९२ ची निवडणूक जिंकून जानेवारी १८९३ मध्ये गव्हर्नर झाले. परदेशात जन्मलेले ते इलिनॉयचे पहिले गव्हर्नर होते. कैद्यांच्या सुटकेसाठी त्यांच्याकडे मोठमोठ्या प्रतिष्ठितांचे अर्ज आलेले होते. त्यातील अनेकांचा सूर असा, की हे दोषी असतील, पण आता पुरेसे भोगून झाले आहे. दयेची चार वाक्ये लिहून सही केली असती तर फारसा गहजब झालाही नसता. आल्टगेल्ड यांनी ती वाट नाकारली. खटला न्याय्य रीतीने चालला असेल तर हस्तक्षेपाचे कारणच उरत नाही, अशी भूमिका घेऊन त्यांनी खटल्याचे कागदपत्र स्वतः तपासले. ज्युरीसाठी माणसे गोळा करणाऱ्या खास बेलिफाने, आपण असेच लोक बोलावतो आहोत की आरोपी फासावर जातीलच, असे बोलून दाखवल्याचे प्रतिज्ञापत्र त्यांनी समोर ठेवले. आरोपींविषयी आपले मत आधीच बनले आहे, असे स्वतः सांगणाऱ्यांनाही ज्युरीत घेतले गेले होते. बॉम्ब टाकणाऱ्याशी आरोपींचा संबंध पुराव्याने जोडला गेला नव्हता आणि न्यायाधीश जोसेफ गॅरी यांचे वर्तन पक्षपाती होते, हेही त्यांनी नोंदवले. २६ जून १८९३ रोजी त्यांनी तिघांना बिनशर्त मुक्त केले. सोबतचे निवेदन हजारो शब्दांचे होते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल याच सविस्तर कारणमीमांसेत आहे.

वृत्तपत्रे त्यांच्यावर तुटून पडली. अराजकवादी, परका अशी दूषणे त्यांना देण्यात आली. गॅरींवरील टीका तर सुटकेचे समर्थन करणाऱ्यांपैकी अनेकांनाही रुचली नाही. तरीही त्यांचे काम थांबले नाही. त्याच वर्षी चौदा वर्षांखालील मुलांना कारखान्यात कामाला लावण्यास मनाई करणारा आणि स्त्रियांचे काम आठ तासांवर मर्यादित करणारा कायदा झाला, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी त्यांनी फ्लॉरेन्स केली यांना मुख्य कारखाना निरीक्षक नेमले. यातील आठ तासांचे कलम राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९५ मध्ये रद्द केले. १८९४ च्या पुलमन या रेल्वे कामगारांच्या संपात राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी राज्याने मागणी केलेली नसताना शिकागोत केंद्राचे सैन्य उतरवले, तेव्हा राज्याचे स्वतःचे दल सज्ज असल्याचे सांगत आल्टगेल्ड यांनी तारेने कडक निषेध नोंदवला. दोघेही डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते.

१८९६ मध्ये गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला, १८९९ मध्ये शिकागोच्या महापौरपदाची निवडणूकही ते हरले आणि मिळवलेली संपत्तीही बरीचशी गेली. अखेरच्या काळात ते वकील क्लॅरेन्स डॅरो यांच्यासोबत वकिली करत होते. ११ मार्च १९०२ रोजी दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढणाऱ्या बोअर लोकांच्या बाजूने भाषण करून ते कोसळले आणि दुसऱ्या दिवशी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते भाषण जोलिएट गावी झाले होते. फील्डन, श्वाब आणि नीबी यांची सुटका झाली होती, ती याच गावच्या तुरुंगातून.