मूल वाढतं, डोस तोच राहतो

सिकलसेल म्हणजे लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार. या आजाराच्या मुलांना सगळ्यात जास्त उपयोगी पडणारं रोजचं औषध म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया. दिवसातून एकदाच द्यायचं असतं. तरीही ते वाया जातं, आणि पुष्कळदा दोष डोसचा असतो.

पोटातल्या बाळाच्या रक्तात हिमोग्लोबिनचा एक वेगळा प्रकार, हिमोग्लोबिन एफ, असतो. जन्मानंतर तो घटतो, सिकल हिमोग्लोबिन वरचढ होतं आणि पेशी वाकू लागतात. हे औषध एफ पुन्हा वाढवतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बेबी हग चाचणीत ९ ते १८ महिन्यांच्या बाळांना रोज किलोमागे २० मिलिग्रॅम दिलं, तेव्हा दुखण्याचे झटके आणि हातापायांची सूज ठळकपणे कमी झाली.

अडचण अशी, की कॅप्सूल बहुधा मिळते ५०० मिलिग्रॅमची, म्हणजे मोठ्यांच्या मापाची. १२ किलोच्या मुलाला किलोमागे २० प्रमाणे हवेत २४० मिलिग्रॅम. डॉक्टरांनी तसं सांगितलं असेल, तर कॅप्सूल उघडून भुकटी पाण्यात घालतात आणि एकूण १० मिलि द्रावण करतात, त्यातलं ४.८ मिलि सिरिंजने मोजून द्यायचं, उरलेलं ठेवायचं नाही. हातमोजे घालावेत, आणि गरोदर बाईने या भुकटीला हात लावू नये. २० किलोच्या मुलाला आठवड्यातले सहा दिवस एक कॅप्सूल दिली, तर सरासरी किलोमागे २१ पडते. तेच मूल २८ किलोचं झालं आणि चिठ्ठी जुनीच राहिली, तर १५ वर येते. डोस नकळत असा घसरतो, म्हणून दर भेटीत वजन झालंच पाहिजे.

वाढवतानाही घाई नको. साधारण आठ आठवड्यांनी किलोमागे ५ मिलिग्रॅमने, जास्तीत जास्त किलोमागे ३५ पर्यंत, आणि दर वेळी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघूनच. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) हजाराखाली किंवा प्लेटलेट ८० हजारांखाली गेले, तर औषध थांबवतात. आकडे सावरले की पुन्हा सुरू करतात. फरक पडायला तीन ते सहा महिने लागतात. महिन्याभरात 'गुण नाही' म्हणून सोडणारे बरेच असतात, आणि ऊसतोडीला फडावर गेलेल्या कुटुंबांत तर औषधच संपतं. निघतानाच हंगामापुरता साठा आणि मधल्या सीबीसीची सोय मागून घ्यावी.

हिमोग्लोबिन ७-८ दिसलं की कुणीतरी लोहाच्या गोळ्या देतं. इथे रक्त कमी असतं ते पेशी फुटल्यामुळे. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय लोह नको. फॉलिक अॅसिड चालतं.

पाच वर्षांखालच्या मुलांना पेनिसिलिनही हवं: तीन वर्षांपर्यंत १२५, पुढे २५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. जंतूंपासून राखणारी प्लीहा या आजारात निकामी होत गेल्यामुळे न्यूमोकोकसचा जंतू काही तासांत जीव घेऊ शकतो. लस घेतली असली तरी ताप १०१.३ फॅरनहाइटवर गेला, की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, दवाखाना गाठायचा. खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या घरांनी पावसाळ्याआधीच रात्रीची गाडी कोणाची ते ठरवून ठेवावं. फाइलवर वजन, मिलिग्रॅममधला डोस आणि शेवटची सीबीसी लिहिलेली असावी. 'रोज एक गोळी' एवढंच लिहिलं असेल, तर बेळगावचा डॉक्टर असो की कोल्हापूरचा, त्यावरून काहीच ठरवता येत नाही.