सापडलेल्या पिल्लाला आधी दूध नको, ऊब द्या

‘मांजराचं पिल्लू सापडलं की पहिल्यांदा वाटीभर दूध ठेवा’ हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. प्रेमापोटीच दिला जातो, पण तो चुकीचा आहे आणि त्यापायी पिल्लं दगावतात.

मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लाचं पोषण होत नाही, उलट बऱ्याचदा जुलाब लागतात. मूठभर जीव, त्यात अंगातलं पाणी गेलं की काही तासांत मान टाकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गार पडलेल्या पिल्लाला काहीच पाजू नये. अंग गार असताना पचन जवळपास थांबतं. आधी कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा.

गेल्या पावसाळ्यात जिन्याखाली मला एक सापडलं. दोन्ही डोळे पुवाने चिकटलेले, हिरड्या पांढऱ्याफटक. तासभर उबेत ठेवल्यावर पंजे हलले, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे नेलं. डोळ्यांत घरातले जुने थेंब घालू नका, हे मी हात जोडून सांगते. त्यात स्टेरॉइड असलं आणि बुबुळावर जखम असली तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

पाजायला मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर आणा. पिल्लाला पालथंच धरून पाजा. उताणं धरलं तर दूध फुप्फुसात जाऊ शकतं. अगदी लहान पिल्लाला शी-शू आपोआप होत नाही. ती व्हावी म्हणून प्रत्येक वेळी ओल्या कापसाने ती जागा हळूच पुसावी लागते, रात्रीसुद्धा.

आमची चिंगी आता एका डोळ्याने बघते, पण पाल मात्र सोडत नाही.