मिश्र युद्धकला : प्रहार व पकड पद्धती

ठोसे, लाथा, गुडघे व कोपरांचे प्रहार आणि पाडणे, दाबून धरणे, सांधा पिळणे, गळा आवळणे या दोन्ही अंगांना एकाच लढतीत मुभा देणाऱ्या क्रीडाप्रकारास मिश्र युद्धकला, प्रचलित भाषेत एमएमए, म्हणतात. प्रहाराचे अंग मुख्यतः मुष्टियुद्ध, मुए थाई (थायलंडचे मुष्टियुद्ध), किकबॉक्सिंग व कराटे यांतून, तर पकडीचे अंग कुस्ती, ज्यूदो, साम्बो (रशियन कुस्तीप्रकार) व ब्राझिलियन जुजुत्सू यांतून आले आहे. या लेखाचा रोख सातारा व सांगली या कुस्तीच्या जिल्ह्यांवर असल्याने तालमीतील कुस्तीशी असलेल्या या खेळाच्या नात्याचा विचार येथे अधिक विस्ताराने केला आहे.

उगम : हातापायांचे प्रहार व कुस्ती एकत्र असलेले ग्रीकांचे पँक्रेशन इ. स. पू. ६४८ मध्ये ऑलिंपिक क्रीडांत समाविष्ट झाले, असे परंपरा मानते. ही विद्या अलेक्झांडरच्या सैन्याबरोबर भारतात आली व येथून पूर्वेकडे पसरली, हे मत लोकप्रिय असले तरी त्याला समकालीन पुराव्याचा आधार मिळत नाही. मल्लविद्येचा विचार स्वतंत्रपणे करणेच अधिक सयुक्तिक ठरते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या ग्रंथात (सु. ११३०) मल्लविनोदाचे प्रकरण आहे. मल्लपुराणाचा काळ अभ्यासक तेराव्या ते सतराव्या शतकांदरम्यान कोठेतरी ठेवतात. तालमींत भीमसेनी, हनुमंती, जांबुवंती व जरासंधी असे कुस्तीचे चार प्रकार सांगितले जातात. त्यांपैकी आवळून शरण आणणारी जांबुवंती आणि अवयव मोडण्यापर्यंत जाणारी जरासंधी या दोन्ही आजच्या शरणागतीच्या डावांना जवळच्या आहेत. मात्र एवढ्या साम्यावरून एमएमएचे मूळ भारतात होते असे म्हणणे ओढूनताणून केल्यासारखे होईल.

आधुनिक खेळाची सलग परंपरा ब्राझीलमधून दाखविता येते. जपानमधील कोदोकान या ज्यूदो संस्थेचा खेळाडू मित्सुयो माएदा १९१४ च्या सुमारास तेथे पोहोचला. ब्राझिलियन जुजुत्सूचा आद्य प्रवर्तक कार्लोस ग्रेसी त्याच्याकडे थेट शिकला की त्याच्या शिष्यामार्फत, आणि नेमका कधी, याबद्दल मतभेद आहेत. १९१६ ते १९२० हा काळ धरणे सुरक्षित वाटते. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर येथे झालेल्या यूएफसी या एमएमए संस्थेच्या पहिल्या स्पर्धेत त्याच घराण्यातील रॉयस ग्रेसीने आपल्याहून वजनदार प्रतिस्पर्ध्यांना जमिनीवर नेऊन शरण आणले आणि पकडीचे महत्त्व जगापुढे आले.

तंत्र : प्रहार आणि पकड यांतील खरा भेद अंतराचा आहे. हातभर लांबून ठोसा व लाथ चालते. खडाखडीच्या (उभ्याने हात-मान धरण्याच्या) अंतरात मान धरून गुडघा व कोपर चालतात. पट काढला, म्हणजे पाय धरून पाडले, की लढत जमिनीवर जाते. प्रहार करणारा अंतर राखू पाहतो, पकडीचा मल्ल ते मिटवू पाहतो. पट टाळण्यासाठी पाय मागे फेकून छातीचा भार प्रतिस्पर्ध्याच्या पाठीवर टाकण्याची सवय म्हणूनच प्रत्येक ठोसेबाजाला लावून घ्यावी लागते.

येथील पैलवानाकडे अंतर मिटविण्याची हातोटी, मानेची ताकद व जोर-बैठकांनी कमावलेला दम हे भांडवल असते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये फ्रीस्टाइलच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. ढाक हा त्यांचा हुकमी डाव होता. प्रतिस्पर्ध्याची मान व हात बगलेत आवळून त्याला कमरेवरून फेकण्याचा हा डाव एमएमएमध्येही बसतो, कारण त्याला कपड्याची पकड लागत नाही. पण तो फसला तर प्रतिस्पर्धी थेट पाठीवर येतो, आणि तेथून मागून गळा आवळला जाण्याचा धोका असतो. सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जाकार्ता आशियाई क्रीडांत फ्रीस्टाइलचे सुवर्ण व ग्रीको-रोमनचे (कमरेखाली पकड न चालणाऱ्या कुस्तीचे) रौप्यपदक मिळविले; एकाच मल्लाने दोन वेगळ्या नियमांशी जुळवून घेतल्याचे हे बोलके उदाहरण आहे.

अडचण येते ती चीत होण्याच्या नियमामुळे. सांगली जिल्ह्यातील कुंडलसारख्या मैदानात निकाली कुस्ती पाठ टेकली की संपते. म्हणून खाली आलेला मल्ल पोटावर वळतो, हातपाय फाकून माती धरतो आणि वरच्याला दमवतो. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये गामा पैलवानाविरुद्ध पोलिश मल्ल झिबिस्को अडीच तासांहून अधिक काळ याच बचावात पडून राहिला आणि लढत अनिर्णित सुटली. एमएमएमध्ये हीच स्थिती सर्वांत घातक ठरते, कारण पाठीवर बसलेल्याला ठोसे मारता येतात आणि हनुवटीखाली हातही घालता येतो. उलट पाठीवर पडून दोन्ही पायांनी वरच्याला जखडण्याची जुजुत्सूतील स्थिती कुस्तीत हार समजली जाते. पैलवानाला सर्वांत उशिरा अंगवळणी पडते ती हीच स्थिती. दुसरी उणीव मानेची. कुस्तीत गळा आवळण्यास मनाई असल्याने पट काढताना मान उघडी राहते, आणि नेमक्या त्या क्षणी गिलोटिनचा (पुढून मान बगलेत धरून गळा आवळण्याचा) डाव बसतो.

स्थानिक स्थिती : कराटे व तायक्वांदोचे वर्ग आणि तालमी दोन्ही जिल्ह्यांत शेजारी-शेजारी चालतात, पण प्रहाराचा व पकडीचा सराव बहुधा वेगळाच होतो. अनेक तालमींत मातीबरोबर मॅट आली आहे.

नियम : एमएमएच्या सर्वमान्य एकीकृत नियमांनुसार साधारण लढत पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची, अजिंक्यपदाची पाच फेऱ्यांची असते. डोळ्यांत बोट घालणे, डोक्याची धडक, जांघेवर, मानेमागे व कण्यावर प्रहार आणि खाली पडलेल्याच्या डोक्यावर लाथ मारणे निषिद्ध आहे. प्रतिस्पर्ध्याची चड्डी धरणेही बाद धरले जाते. त्यामुळे लांगेला (लंगोटाच्या पट्टीला) हात घालून उलटविण्याचे खालचे डाव येथे चालत नाहीत.